विंडलास घसरतो तेव्हा: छोट्या बोटीवर नेमका दोष कसा शोधावा

छोट्या बोटीवरचा विंडलास, म्हणजे नांगराची साखळी वर ओढणारे यंत्र, घसरू लागला, म्हणजे मोटार फिरते आहे पण नांगर वर येत नाही असे झाले, की बहुतेक नवखे लोक हँडल घेऊन क्लचचा नट अंगात असेल तेवढ्या ताकदीने आवळतात. कधी कधी त्याने काम भागते, आणि म्हणूनच ही सवय टिकून राहिली आहे; पण घसरण्याची निदान पाच वेगवेगळी कारणे असतात आणि नट सैल असणे हे त्यांपैकी फक्त एक आहे. उरलेल्या कारणांसाठी नट आवळला तर मूळ दोष तसाच राहतो, शिवाय अति ताण आल्यावर थोडे घसरून मोटार आणि गिअरबॉक्स वाचवण्याचे जे काम क्लच करतो, तेही बंद पडते. म्हणून या लेखात पान्याला हात लावण्याआधी नेमके काय घसरते आहे हे ओळखण्यावर सर्वांत जास्त भर दिला आहे. वाशी, बेलापूर, ऐरोली किंवा चेंदणीच्या बाजूला ठाणे खाडीत किंवा पनवेलच्या खाडीत स्वतःची फायबरची लहान बोट ठेवणाऱ्या आणि 12 व्होल्टचा विजेवर चालणारा विंडलास पहिल्यांदाच हाताळणाऱ्या वाचकासाठी तो लिहिला आहे.

यंत्रात ताकद कशी पुढे जाते

बॅटरीतून वीज मोटारीत जाते, मोटार गिअरबॉक्सला फिरवते आणि गिअरबॉक्स एका जाड शाफ्टला. या शाफ्टवर खोबणी असलेले साखळीचे चाक बसवलेले असते. दुकानात त्याला जिप्सी म्हणतात. हे चाक शाफ्टला थेट जखडलेले नसते. त्याच्या वर आणि खाली शंकूच्या आकाराचे दोन तुकडे असतात, त्यांपैकी निदान एक शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या लहान धातूच्या चावीने शाफ्टबरोबर फिरतो, आणि वरचा नट आवळला की हे शंकू चाकाला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. हाच क्लच. नट सैल केला की चाक मोकळे होते आणि नांगर स्वतःच्या वजनाने खाली जाऊ शकतो. शेवटी चाकाच्या खोबणीत साखळीच्या कड्या एकाआड एक आडव्या बसतात आणि चाक त्यांना ओढून मागे, साखळीच्या कप्प्यात सोडते.

म्हणजे साखळी आणि चाक, चाक आणि शंकू, शंकू आणि शाफ्ट, शाफ्ट आणि मोटार, अशा प्रत्येक जोडावर पकड सुटू शकते. डेकवर उभे राहून पाहणाऱ्याला या सगळ्यांचा परिणाम सारखाच दिसतो, तो म्हणजे आवाज येतो आणि नांगर येत नाही.

आधी सुरक्षितता

तपासणी धक्क्याला किंवा मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या बांधणीला) बोट बांधून, पाणी शांत असताना करावी. ओहोटीच्या ओढीत, एका नांगरावर उभे राहून क्लच उघडू नये. नांगर नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, रोलरवर पूर्ण वर घेऊन तो वेगळ्या दोराने डेकवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधावा आणि चेन स्टॉपर, म्हणजे साखळी अडवणारी खीळ, असल्यास तोही लावावा, कारण क्लच उघडताच नांगराला धरून ठेवणारे विंडलासमध्ये काहीही उरत नाही. त्यानंतर विंडलासचा ब्रेकर, म्हणजे त्याची वीज तोडणारा स्विच, बंद करावा. केवळ बटणापासून लांब राहणे पुरेसे नाही. खाऱ्या हवेत पायाने दाबायचे स्विच आतून गंजून आपोआप जोडले जाण्याची उदाहरणे घडतात, आणि चाकाच्या खोबणीत हाताचे बोट असताना असे झाले तर ते तुटते. फिरत्या चाकाजवळ हातमोजे घालून काम करू नये, ते कडीत अडकून हात आत ओढला जातो. ओढणी, गळ्यातला दोरीचा चष्मा, लांब बाह्या यांचेही तेच. साखळी चालू असताना तिच्या सरळ रेषेत कोणालाही उभे करू नये.

खुणेची रेघ

आता निदानाकडे वळावे. त्यासाठी नेलपॉलिशची एक बाटली किंवा पांढऱ्या रंगाचा मार्कर लागतो. चाक आणि शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसून शाफ्टच्या टोकापासून नटावरून, शंकूवरून, चाकाच्या कडेवरून आणि चाकात बसलेल्या कडीवरून एकच सलग सरळ रेघ ओढावी. रेघ वाळली की नांगर बांधलेला दोर सोडावा, नांगर आणि थोडी साखळी उभी पाण्यात सोडावी, ब्रेकर चालू करून एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून फक्त रेघेकडे पाहावे. थोडेसेच, हाताच्या लांबीइतके ओढून थांबावे.

चाकावरची आणि शाफ्टवरची रेघ एकत्र फिरली, पण कडीवरची खूण मागे राहिली आणि कडकड आवाजाने साखळी उड्या मारत गेली, तर दोष साखळी आणि चाक यांच्या जोडात आहे. शाफ्टवरची रेघ फिरली आणि चाक जागीच राहिले, तर दोष क्लचमध्ये किंवा शंकूच्या चावीत आहे. अशा वेळी आवाज बहुधा गुळगुळीत घासल्यासारखा येतो. मोटारीचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा आणि वेगवान आला, पण शाफ्टवरची रेघ हललीच नाही, तर मोटार आणि गिअरबॉक्स यांच्यातला किंवा गिअरबॉक्समधला काही भाग तुटला आहे. सर्व रेघा एकत्र आणि अगदी मंद फिरल्या किंवा मोटार गुरगुरून थांबली, तर काहीही घसरत नाही. ते विजेचे दुखणे आहे.

आणखी एक प्रकार मोटार बंद असताना दिसतो, तो म्हणजे साखळी आपोआप बाहेर जाऊ लागते. बऱ्याच विंडलासमध्ये वर्म गिअर असतो आणि तो बाहेरच्या ओढीने सहसा उलटा फिरत नाही, त्यामुळे मोटार थांबलेली असताना साखळी सुटत असेल तर संशय पहिल्यांदा क्लचवर आणि मग साखळीच्या बसणीवर घ्यावा. बोट जागेवरून सरकते आहे म्हणजे विंडलासच घसरला असे मात्र समजू नये. नाळेवरच्या साखळीवर रंगाची खूण करून ती पाण्याकडे सरकते का ते पाहावे. खूण जागेवर असेल आणि तरी बोट सरकत असेल, तर तळाशी नांगरच ओढला जातो आहे, आणि त्याचा इलाज जास्त साखळी सोडणे किंवा नांगर पुन्हा टाकणे हा आहे.

आपल्या खाडीतला पहिला संशयित: चिखल

ठाणे खाडीचा तळ बहुतांश मऊ, चिकट गाळाचा आहे. अशा तळात नांगर चांगला रुततो, पण वर येताना साखळीच्या प्रत्येक कडीला राखाडी-काळा गाळ चिकटून येतो आणि चाकाच्या खोबणीत दाबला जातो. खोबणीच्या तळाशी गाळाचा थर बसला की कडी पूर्ण खोल बसत नाही, वरच्या कडेवर टेकून राहते आणि ताण वाढताच उडी मारते. नवा विंडलास, योग्य साखळी, नीट आवळलेला क्लच, सगळे ठीक असूनही पहिले काही मीटर वर येईपर्यंत सुरळीत चालणे आणि मग अचानक साखळी उडू लागणे, हे या दोषाचे लक्षण आहे. आपल्याकडे इतर कोणतेही कारण शोधण्याआधी हे तपासावे असे माझे ठाम मत आहे, कारण इलाज फुकटात होतो.

ब्रेकर बंद करून खोबणी लाकडाच्या अणकुचीदार काडीने आणि ताठ नायलॉनच्या ब्रशने साफ करावी. सुकलेला गाळ दगडासारखा घट्ट होतो, म्हणून आधी गोडे पाणी टाकून तो भिजू द्यावा. चाकाच्या मागे साखळी सोडवून घेणारी धातूची जीभ असते, तिच्या आणि चाकाच्या फटीतही गाळ साचतो. ही जीभ वाकली किंवा तिचा बोल्ट सैल झाला तर कड्या चाकातून वेळेवर सुटत नाहीत आणि चाकाभोवती गुंडाळून अडकतात, हेही याच वेळी पाहून घ्यावे. पुढच्या वेळी नांगर उचलताना थोडे थोडे ओढून, मधे थांबून, साखळी पाण्याच्या पातळीवर असतानाच बादलीने किंवा डेक पंपाच्या नळीने धुवावी. एक माणूस नाळेवर ब्रश घेऊन बसवला तरी चालते, मात्र बटण दाबणाऱ्याने त्याचा हात बाजूला गेल्याचे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय बटण दाबू नये.

साखळी आणि चाक एकमेकांचे आहेत का

खोबणी स्वच्छ असूनही साखळी उडत असेल, तर मोजपट्टी काढावी. विंडलासचे चाक एका ठरावीक मापाच्या साखळीसाठीच घडवलेले असते, आणि केवळ सळईची जाडी जुळणे पुरेसे नाही, कडीची आतली लांबीही जुळावी लागते. बोटींच्या साखळ्यांची दोन मापे सर्रास आढळतात, जर्मन मानकाचे डीआयएन 766 आणि आंतरराष्ट्रीय मानकाचे आयएसओ 4565. 8 मिलिमीटर जाडीत दोन्हींमध्ये कडीची आतली लांबी 24 मिलिमीटरच असते, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. 10 मिलिमीटर जाडीत मात्र एकीची लांबी 28 आणि दुसरीची 30 मिलिमीटर असते. एका कडीत 2 मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून 10 कड्या जमिनीवर ताणून पहिल्या कडीच्या आतल्या टोकापासून दहाव्या कडीच्या पलीकडच्या आतल्या टोकापर्यंत मोजावे. 280 मिलिमीटर आले तर ती डीआयएन, 300 आले तर आयएसओ. चाकावर बहुधा माप कोरलेले असते, नसल्यास विंडलासच्या पुस्तिकेत दिलेले असते.

मुंबईतल्या दारूखाना भागातल्या भंगार बाजारात किंवा हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी साखळी स्वस्त असते, मजबूतही असू शकते, पण तिच्या कड्या एकसारख्या मापाच्या असतीलच असे नाही. मुरिंगसाठी ती खुशाल वापरावी. विंडलाससाठी मोजून, तपासून बनवलेली, म्हणजे कॅलिब्रेटेड साखळीच घ्यावी. विकत घेण्याआधी अर्धा मीटरचा तुकडा आणून आपल्या चाकावर हाताने फिरवून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कडी खोबणीत सपाट बसली पाहिजे, डुलता कामा नये आणि उचलताना अडकता कामा नये.

जुळणारी साखळीही झिजते. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे नांगराजवळच्या काही मीटरमध्ये, कड्या जिथे एकमेकींना घासतात तिथली जाडी व्हर्नियरने मोजावी, आणि ती मूळ जाडीपेक्षा 10 टक्क्यांनी कमी झाली असेल तर तो भाग बदलावा. झीज एकाच टोकाला असेल तर साखळी उलटी करून, कप्प्यातले टोक नांगराला आणि नांगराकडचे टोक कप्प्यात असे लावून बरीच वर्षे काढता येतात. चाकाच्या खोबणीच्या कडा गोलसर, चकचकीत झाल्या असतील तर मात्र चाकच बदलावे. वेल्डिंगचा थर देऊन खोबणी भरण्याचा खटाटोप करू नये, कारण माप हुकते आणि साखळी अधिकच उडते. दोन साखळ्या शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या कडीने) जोडलेल्या असतील तर ते शॅकल चाकात कधीच नीट बसणार नाही. तिथे त्याच मापाची जोडकडी लागते.

आपल्या खाडीत आणखी एक गोष्ट घडते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, त्यामुळे नांगरावरची बोट दर पाणी फिरण्याबरोबर तोंड फिरवते आणि काही दिवस एकाच जागी राहिली तर साखळीला पीळ बसतो. पीळ असलेली कडी खोबणीत आडवी न येता तिरकी येते. नांगर वर आला की त्याला रोलरखाली थोडा वेळ मोकळा लटकू द्यावा, पीळ बराचसा आपोआप उलगडतो. स्विव्हल, म्हणजे पीळ उलगडणारा फिरता सांधा, बसवला असेल तर तो गंजून जाम झालेला नाही ना, हे हाताने फिरवून पाहावे.

कोन, कप्पा आणि दोर

उभ्या शाफ्टच्या विंडलासमध्ये साखळी चाकाभोवती साधारण अर्धा वेढा, म्हणजे 180 अंश घेते. आडव्या शाफ्टच्या विंडलासमध्ये जेमतेम पाव वेढा, म्हणजे 90 अंशांच्या आसपास. त्यामुळे आडव्या प्रकारात साखळी रोलरवरून थोडी जरी वर किंवा बाजूला आली तरी ती लगेच उडते. रोलर आणि चाक एका रेषेत आहेत का हे डोळा डेकच्या पातळीवर आणून पाहावे.

साखळीचा कप्पा हा दुसरा दुर्लक्षित भाग. छोट्या बोटीत तो उथळ असतो, साखळी एकाच जागी पडून तिचा उभा ढीग होतो, आणि ढिगाचे टोक डेकच्या भोकापर्यंत पोचले की मागून साखळी ओढली जाणेच थांबते आणि ती चाकावर चढते. भोक आणि ढीग यांच्यात निदान 30 सेंटीमीटर मोकळी जागा राहील असे पाहावे. ढीग पाडायला हात न घालता लाकडी काठी वापरावी.

साखळीला पुढे नायलॉनचा दोर जोडलेला असेल आणि फक्त दोरावरच घसरण होत असेल, तर दोर चाकात दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या हाताकडे पाहावे. स्प्रिंग गंजून ढिली झाली की ओला दोर निसटतो. मिठाने ताठ झालेला दोर रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यास पुन्हा मऊ होतो. दोर आणि साखळीचा सांधा चाकावरून जाताना वेग कमी ठेवावा.

क्लच उघडताना

रेघेच्या चाचणीत चाक जागीच राहिले असेल, तरच हा भाग करायचा आहे. सर्वांत आधी नट योग्य बाजूला, विंडलासबरोबर आलेल्या हँडलने आवळून पाहावा. हँडलला पाइप जोडून त्याची लांबी वाढवू नये. एका हाताने, सरळ ताकदीने आवळल्यावर नांगर आणि साखळीचे वजन उचलले गेले पाहिजे. तसे झाले आणि पुन्हा काही वापरांनंतर सैल झाले नाही, तर दोष खरोखरच सैल नटाचा होता. नट आवळूनही घसरत असेल तर शंकू तपासायचे.

नांगर पुन्हा बांधून ब्रेकर बंद करावा आणि विंडलासभोवती जुनी चादर पसरावी. क्लचची चावी अंगठ्याच्या नखाएवढी लहान असू शकते, आणि ती डेकवरून घरंगळून पाण्यात पडली तर त्या दिवसाचे काम संपलेच. नट काढावा, ड्रम (दोर ओढायचा वरचा गोल भाग) असल्यास तो उचलावा, वरचा शंकू, चाक, खालचा शंकू आणि चावी या क्रमाने एकेक भाग काढून त्याच क्रमाने कापडावर मांडावा आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलने फोटो घ्यावा. शंकूचा रुंद भाग वर होता की खाली, हे एका तासानंतर आठवत नाही.

सगळे भाग अडकून बसले असतील तर हातोड्याने ठोकू नयेत. अनेक विंडलासचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा आणि चाक ब्राँझचे असते. खाऱ्या पाण्यात अशा वेगवेगळ्या धातूंच्या जोडावर अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी तयार होऊन भाग एकमेकांत जखडतात. गरम पाणी ओतणे, भेदक तेल रात्रभर मुरू देणे आणि मग लाकडी ठोकळ्यातून हलके धक्के देणे, एवढे पुरते.

शंकूच्या पृष्ठभागावर काय दिसते ते आता नीट पाहावे. जाड ग्रीस आणि गाळ यांचा लेप दिसला तर तेच कारण आहे. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने तो पूर्ण पुसावा. पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल तर 400 नंबरच्या पॉलिशपेपरने, गोल दिशेने, हलक्या हाताने चकाकी मोडावी. धातू कमी करायचा नाही. खोल चरे, खड्डे किंवा एका बाजूला झालेली झीज दिसली तर शंकू बदलणे हाच उपाय आहे. शंकू बसवताना ग्रीस लावावे की नाही, यावर धक्क्यावर दोन मते ऐकू येतील, आणि दोन्ही आपापल्या यंत्रापुरती बरोबर असू शकतात: काही उत्पादक शंकू जाम होऊ नयेत म्हणून मरीन ग्रीसचा अगदी पातळ हात सांगतात, तर काही कोरडे ठेवायला सांगतात. आपल्या विंडलासची पुस्तिका उघडून त्यातले ऐकावे. पातळ म्हणजे बोटाने पुसून घेतल्यावर जेवढे उरते तेवढे. नटाच्या आट्यांना आणि शाफ्टला मात्र ग्रीस हवेच.

चावी आणि तिची खाच याच वेळी तपासावी. चावीच्या कडा दबून गोल झाल्या असतील किंवा ती मधोमध कापली गेली असेल, तर शाफ्ट फिरत राहतो आणि शंकू थांबतो. बाहेरून हा दोष सैल क्लचसारखाच दिसतो आणि नट कितीही आवळला तरी जात नाही. मूळ सुटा भाग मिळाला तर उत्तम. मिळाला नाही तर वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगचे काम करणारी वर्कशॉप शोधावी, जुनी चावी आणि शाफ्टच्या खाचेचे माप दोन्ही दाखवावे आणि धातू कोणता होता हे आधी सांगावे. मूळ चावी ब्राँझची असेल तर जास्त मजबूत म्हणून पोलादाची बनवून घेऊ नये. चावी मऊ ठेवण्यामागे बहुधा शाफ्टऐवजी तीच तुटावी हा हेतू असतो, आणि चावी शाफ्टपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

रॉकेल, जुने ग्रीस आणि मळलेली फडकी एका डब्यात भरून घरी न्यावीत. खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला आहे. हिवाळ्यात आपण जिथे रोहित पक्षी पाहायला जातो, त्याच गाळात हे तेल जिरते.

गिअरबॉक्स आणि वीज

शाफ्ट हलत नसून मोटार मोकळी फिरत असेल तर नवख्याने गिअरबॉक्स स्वतः उघडू नये; विंडलास उतरवून जाणकाराकडे न्यावा. उतरवण्याआधी तेल दाखवणारी काच असल्यास तेवढी पाहावी. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि हे सांगितल्यास मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

मंद फिरणाऱ्या विंडलाससाठी मल्टिमीटर हवा. ओढ असताना विंडलासच्या टोकांवरचा व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवरच्या व्होल्टेजशी ताडून पाहावा. 1 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधल्या केबल, सोलेनॉइड (मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच) किंवा जोड यांत दोष आहे. दहापैकी एक भाग दाब असा वाटेतच हरवला की मोटारीची ताकद लक्षात येण्याइतकी घटते. 1000 वॅटचा विंडलास 12 व्होल्टवर 80 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, म्हणून इंजिन चालू ठेवूनच तो वापरावा.

घसरणे योग्य असते तेव्हा

नांगर गाळात खोल रुतला असेल, किंवा जुन्या डोल जाळ्याच्या खुंटात अडकला असेल, आणि त्या वेळी क्लच घसरला, तर तो आपले काम करतो आहे. विंडलास नांगराचे आणि उभ्या साखळीचे वजन उचलण्यासाठी असतो. 8 मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण 1.4 किलो भरते, त्यामुळे 10 मीटर खोलीतही हे वजन हाताबाहेरचे नसते. बोट पुढे ओढणे किंवा रुतलेला नांगर उपटणे त्याच्यावर सोपवू नये. इंजिनने हळू पुढे जात सैल पडणारी साखळीच विंडलासने गोळा करावी, साखळी उभी झाली की ती चेन स्टॉपरला किंवा क्लीटला बांधून विंडलास मोकळा करावा, आणि मग इंजिनच्या मंद जोराने बोट नांगराच्या पुढे नेऊन तो उलट दिशेने सोडवावा. भरती चढत असताना आखडलेल्या साखळीवर बोट सोडून कोणी बाजूला जाऊ नये. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी सहा तासांत चार मीटरपेक्षा जास्त चढते, आणि लहान बोटीची नाळ त्या ओढीने खाली दबून पाणी आत येऊ शकते.

नांगर टाकून उभे असतानाही ताण विंडलासवर ठेवू नये. पाण्याची खोली मोजताना सध्याची नव्हे तर भरतीची धरावी: ओहोटीला 2 मीटर, वर चढणारे 4 मीटर आणि नाळेची उंची 1 मीटर असे 7 मीटर झाले, तर पाचपटीने 35 मीटर साखळी सोडावी. मग साखळीत हुक अडकवलेला नायलॉनचा स्नबर दोर क्लीटला बांधून साखळी त्याच्यामागे थोडी सैल सोडावी. वाऱ्याचा आणि प्रवाहाचा प्रत्येक झटका तो दोर घेतो आणि क्लचचे शंकू वर्षानुवर्षे टिकतात. क्लच वारंवार सैल होत असेल तर बहुधा हा दोर बांधला जात नाही, असे खुशाल समजावे.

जोडणीनंतरची चाचणी

भाग जोडून झाल्यावर रेघ नव्याने ओढावी आणि नांगर पाण्यात पाच मीटर सोडून तीन-चार वेळा वर-खाली करावा. रेघ जुळलेली राहिली, तर पुढच्या फेरीत भांगाच्या दिवशी, म्हणजे प्रवाह मंद असताना, उथळ पाण्यात खरा नांगर टाकून पाहावा. भरती-ओहोटीचे तक्ते मुंबईच्या अपोलो बंदरासाठी छापलेले असतात. ऐरोली आणि ठाण्याकडे खाडीच्या आत पाणी त्यानंतर काही वेळाने फिरते, तेवढा वेळ धरूनच निघावे.

वर्षातून एकदा, काहीही घसरत नसले तरी, क्लच उघडून साफ करावा. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्या काळात धक्क्यावर आणि वर्कशॉपमध्ये माणसे मोकळी सापडतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी बोट तयार होते. त्याच दिवशी साखळी पूर्ण बाहेर काढून तिचे शेवटचे टोक कप्प्यात कशाने बांधले आहे हे पाहावे. ते शॅकलने जखडलेले असेल तर तिथे मजबूत दोर लावावा, आणि तो एवढा लांब ठेवावा की साखळी संपल्यावर त्याची गाठ डेकवर येईल; क्लच सुटून साखळी धावत गेली तर दोर तिला अडवतो, आणि नांगर सोडून देण्याची वेळ आली तर तो डेकवरूनच सुरीने कापता येतो.